सहा किलो नऊशे चाळीस ग्रॅम

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नकोत. माझं माप कधीही चुकत नाही!

हा गर्व नाही, ही माझी नोकरी आहे. वजनकाटे तपासायच्या प्रयोगशाळेत मी काम करते. कुठल्या दुकानातला काटा खरं बोलतो आणि कुठला थापा मारतो, हे मी ठरवते. आमच्याकडची वजनं बोटांनी उचलायची नसतात, चिमट्याने उचलायची असतात. बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं आणि ते माझ्या काट्यावर दिसतं! अशा मुलीच्या हाती घरच्यांनी परदेशाच्या सहलीचं फोटोखातं दिलं, तर ती ते कसं सांभाळेल? चोख सांभाळेल. निदान तीन आठवडे माझी तरी तशी खात्री होती.

सहल आईची होती. एकोणतीस वर्षं परिचारिकेची नोकरी करून ती निवृत्त झाली आणि म्हणाली, "आता मला एकदा असं कुठेतरी न्या, जिथे कुणी मला 'सिस्टर' म्हणून हाक मारणार नाही." ठरलं! नऊ दिवस. आई, बाबा, मी आणि आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी.

"तिकडून मला काही घ्यायचं नाही," आईने जाहीर केलं. "चॉकलेट नको, पर्स नको, फ्रिजवर लावायची चित्रंही नकोत. मला एक फोटो हवाय. ह्यांच्यासोबत. आम्हा दोघांचा."

एवढंच? एवढंच! पण ही मागणी किती भयंकर आहे हे कळायला आमचे बाबा माहीत असायला हवेत.

बाबा बस डेपोत वेळपाल होते. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, हे आयुष्यभर लिहिलं. त्या कामाने त्यांच्या पायांत जी चक्रं बसली ती निवृत्तीनंतरही निघाली नाहीत. लग्नातल्या मुख्य फोटोत आई आहे आणि तिच्या शेजारी एक रिकामी खुर्ची आहे. बाबा पाहुण्यांची बस आली का ते बघायला गेले होते! त्यानंतरच्या एकतीस वर्षांत त्यांचा आईबरोबर एकही धड फोटो नाही. कुठे कोपर, कुठे पाठ, कुठे नुसताच हवेत तरंगणारा चहाचा कप. मोबाइल आल्यावर तर प्रकरण आणखी बिघडलं. कुणी मोबाइल उचलला की बाबा पुढे येतात आणि म्हणतात, "आण इकडे, मी काढतो. तू वाकडा धरतेस."

आईने बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर, एक खिळा ठोकून ठेवला. नुसता खिळा. "फोटो आला की इथे लागेल," ती म्हणाली. रोज जेवताना माझं लक्ष त्या खिळ्याकडे जायला लागलं. मला बसवेना!

मी वही काढली. कुठलाही प्रश्न आधी मोजावा लागतो. चार दिवस मी बाबांच्या नोंदी घेतल्या. खुर्चीवर बसण्याचा सरासरी काळ: तीन मिनिटं चाळीस सेकंद. "हसा" म्हटल्यापासून जागेवरून हलेपर्यंतचा काळ: एक पूर्णांक आठ दशांश सेकंद. झोपेतही दर अर्ध्या मिनिटाला उजवा पाय गाडी सुटल्यासारखा हलतो.

"अगं, तो तुझा बाप आहे, वाघ नव्हे!" मावशी वहीत डोकावून ओरडली.

"मावशी, वाघ निदान दुपारी झोपतो."

निष्कर्ष सरळ होता. वेगाने उडणारे पक्षी टिपतात तशी सामग्री लागणार. मोबाइलचं हे काम नाही. मी एक जुना, बिनलेन्सचा कॅमेरा विकत घेतला आणि लेन्स मागायला चौथ्या मजल्यावरच्या झूमकाकांकडे गेले.

झूमकाका चाळीस वर्षं स्टुडिओ चालवून आता घरी बसलेले. बोलतानाही ते समोरच्याच्या तोंडाजवळ येतात आणि मग मागे जातात, म्हणून झूमकाका. त्यांच्याकडे ओल लागू नये अशी हवाबंद पेटी आहे आणि तीत त्यांच्या लेन्स मुलींसारख्या नांदतात. प्रत्येकीला लाडकं नाव.

"अख्खा डोंगर हवा असेल तर बुटकी ने," काका माझ्या नाकापाशी येऊन म्हणाले. "चेहरा हवा असेल तर पंच्याऐंशी. तिचा मऊपणा जगात कुठे नाही! आणि तुझा बाप पळून गेल्यावर..." इथे ते दोन पावलं मागे गेले, "...तोफ! दोनशे पावलांवरून त्याच्या मिशा मोजशील!"

"कुठली नेऊ?"

"तिन्ही ने. पण एक लक्षात ठेव. वापरशील तेव्हाच बाहेर. धूळ नको, घाम नको, धक्का नको. माझी लेकरं आहेत ती!"

मी तिन्ही लेकरं पेटीसकट घरी आणली आणि माझ्या कपाटात ठेवली. आता खरा पेच सुरू झाला. विमानात सोबत न्यायच्या पिशवीला मर्यादा सात किलोची. कॅमेरा, तीन लेन्स, बॅटऱ्या, चार्जर, आईची औषधं, मावशीचा "जरा तोंडात टाकायला"चा डबा. बुटकी पाचशे चाळीस ग्रॅम, पंच्याऐंशी सातशे नव्वद, तोफ एक हजार चारशे ऐंशी. सगळं मिळून सहा किलो नऊशे चाळीस! साठ ग्रॅम शिल्लक! मी आनंदाने टेबलावर थाप मारली, तर बाबा दचकून उठले आणि म्हणाले, "आली का गाडी?"

पण एवढं वजन नऊ दिवस खांद्यावर पेलायचं तर सराव हवा. आणि सरावासाठी काकांची लेकरं रोज रस्त्यावर न्यायची? धूळ, घाम, धक्का! छे!

मग मला ती कल्पना सुचली. इतकी सुंदर कल्पना मला त्याआधी सुचली नव्हती आणि यापुढे सुचू नये अशी माझी इच्छा आहे.

मी डमी लेन्स बनवल्या! बाबांचे जुने राखाडी मोजे घेतले आणि त्यांत बारीक मीठ भरलं. एकात पाचशे चाळीस ग्रॅम, एकात सातशे नव्वद, एकात एक हजार चारशे ऐंशी. प्रयोगशाळेच्या काट्यावर, मोज्यासकट, रबरबँडसकट! मीठ हवेतली ओल धरतं आणि वजन वाढतं, म्हणून प्रत्येक मोज्यात ओल शोषणारी पुडी टाकली. वर चिठ्ठ्या चिकटवल्या. बॅगेतला ज्या लेन्सचा जो कप्पा, त्यात तो मोजा.

"खऱ्या लेन्सना नाही एवढं जपतेयस मिठाला," मावशी म्हणाली.

"माप म्हणजे माप!"

कॅमेरा तेवढा खरा ठेवला, कारण त्याच्या बटणांवर हात बसायला हवा होता. तीन आठवडे मी ती बॅग खांद्याला लावून प्रयोगशाळेत गेले, बाजारात गेले, जिने चढले उतरले. खांदा कसा तयार झाला म्हणता! शेवटच्या आठवड्यात तर बॅग आहे हे मला जाणवतही नव्हतं.

निघायच्या दिवसासाठी शेहेचाळीस कलमांची यादी केली होती. गाडी अकराला बोलावली होती. कलम एकेचाळीस: मोजे काढून लेन्स भरणे. कलम शेहेचाळीस: बॅगेचं अखेरचं वजन. सगळं मिनिटागणिक ठरलेलं.

नऊ वाजता खाली हॉर्न वाजला!

"मी लवकर बोलावून घेतली," बाबा बूट घालून दारात उभे. "उगाच उशीर नको."

"बाबा! विमान अडीचला आहे! मी अजून अडतिसाव्या कलमावर आहे!"

"कलमं गाडीत लाव! चालक खोळंबलाय!"

"खोळंबला नाही, तो दोन तास आधी आलाय!"

"अहो, तिला आवरू तरी द्या," आई म्हणाली.

"आवरलेलंच तर आहे सगळं!" बाबा दोन बॅगा घेऊन जिन्यात पोचलेसुद्धा. परत वर आले. पुन्हा खाली गेले. हॉर्न. लिफ्टचं दार. मावशी: "माझा चष्मा!" हॉर्न. चष्मा मावशीच्या डोक्यावर. हॉर्न!

मी यादीवरून झरझर बोट फिरवलं. काय राहिलं, काय झालं? थांब, डोकं शांत ठेव. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. एकूण वजन बरोबर, तर आतलं सगळं बरोबर! मी बॅग काट्याला अडकवली. श्वास रोखला. काटा थरथरला आणि स्थिरावला.

सहा किलो नऊशे चाळीस.

ग्रॅमभर इकडे नाही, ग्रॅमभर तिकडे नाही! मी यादीच्या खाली मोठी बरोबरची खूण केली, बॅग खांद्याला लावली आणि विजयी वीरासारखी जिना उतरले.

तुमच्या लक्षात आलंय. मला माहीत आहे, तुमच्या आलंय. माझ्या नाही आलं!

विमानतळावर सामान गेलं, शिक्के बसले, आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहिलो. कॅमेऱ्याची बॅग पट्ट्यावरून यंत्रात शिरली. पट्टा थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. पडद्यासमोरच्या तपासनीस बाईंनी डोकं एका बाजूला कलतं केलं.

"ही बॅग कुणाची?"

"माझी!" मी अभिमानाने पुढे झाले. लेन्स बघून लोक असंच थबकतात, झूमकाकांनी सांगितलंच होतं.

"उघडा."

मी चेन ओढली. तीन राखाडी मोजे आमच्याकडे बघत होते.

बाईंनी सगळ्यात लठ्ठ मोजा दोन बोटांनी उचलला आणि त्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"तोफ."

मागची रांग चार पावलं मागे सरकली.

"तसं नाही हो! तोफ म्हणजे लेन्स!"

"ही लेन्स आहे?"

"नाही. हे तिचं वजन आहे."

"आणि लेन्स?"

"ती..." मला माझं कपाट दिसलं. कपाटातली पेटी दिसली. पेटीत शांत झोपलेली तीन लेकरं दिसली. "ती घरी आहे."

बाईंनी रबरबँड काढला. पांढरीशुभ्र पूड ट्रेमध्ये सांडली. त्यांनी मागे न बघता हात वर केला आणि दोन गणवेशधारी कुठूनतरी उगवले. त्यांतल्या मोठ्या साहेबांनी सांडलेल्या भुकटीला एक कागदाची पट्टी लावली, पट्टी यंत्रात घातली, यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मीठ," ते म्हणाले. यंत्रावर त्यांचाच विश्वास बसत नव्हता.

"हो, मीठच!"

"मोज्यात?"

"भाऊजींचे मोजे आहेत ते," मावशीने माहिती दिली. "पण धुतलेले आहेत हं!"

"आणि ही लहान पुडी कसली?"

"मिठाला ओल लागू नये म्हणून."

"का?"

"ओल लागली की वजन वाढतं."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, वीस वर्षं इथे आहे मी. लोक विमानात सामान आणतात. नको तितकं आणतात, लपवून आणतात. पण सामान घरी ठेवून नुसतं वजन घेऊन आलेलं माणूस मी आज पहिल्यांदा पाहतोय!"

"मी जाऊन घेऊन येतो!" बाबा ओरडले. अर्ध्या रस्त्यात पोचलेसुद्धा होते. "साडेतीन तास आहेत! घर सव्वा तासावर! अडीच तासांत येऊन जाऊन..."

"एकदा आत आलेल्या माणसाला बाहेर जाता येत नाही," पहारेकऱ्याने त्यांना दंडाला धरून परत आणलं.

"मग गाडीवाल्याला लवकर कुणी बोलावलं होतं?" मावशीने आभाळाला विचारलं.

दोन किलो आठशे दहा ग्रॅम मीठ, मोज्यांसकट, कचऱ्याच्या डब्यात गेलं. मी आईकडे बघितलं नाही. आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माझ्या हलक्या झालेल्या बॅगेची चेन लावून दिली आणि म्हणाली, "असू दे गं. मोबाइलवर काढू."

मोबाइलवर! सहा दिवस आम्ही तेच केलं. तळं आलं: मी मोबाइल उचलला, बाबा आले. "आण, मी काढतो." आई आणि तळं. डोंगर आला: आई आणि डोंगर. आई आणि पूल. आई आणि बाक. मावशीने चोरून काढायचा प्रयत्न केला, तर बाबांना तिचा कोन पसंत पडेना. एका भल्या प्रवाशाला विनंती केली. बाबा आईशेजारी उभे राहिले, हसलेही, आणि दुसऱ्याच क्षणी त्या माणसाला मोबाइल कसा धरावा ते शिकवायला निघून गेले. सहाव्या दिवसापर्यंत दोनशे चौदा फोटो झाले. त्यांतल्या एकात बाबा होते. त्यांचा अंगठा.

"घरी गेले की त्या खिळ्याला कॅलेंडर लावीन म्हणते," सातव्या दिवशी जेवताना आई सहज म्हणाली. "खिळा उगाच रिकामा दिसतो."

सहजच म्हणाली. मी ताट बाजूला सारलं.

दुपारी मावशीला झोपायचं होतं म्हणून हॉटेलच्या खोलीतले जाड पडदे ओढले होते. मी अंधारात येरझाऱ्या घालत होते. खिडकी ते दार, दार ते खिडकी. बाबांची मुलगी शोभत होते. आणि येरझारीच्या वळणावर मला समोरच्या भिंतीवर एक ट्राम दिसली. उलटी! छताला चाकं लावून ती सरकत सरकत गेली. मागून दोन माणसं डोक्यावर चालत गेली.

मी पडद्याकडे बघितलं. एका ठिकाणी आकडा निघून बारीकसं भोक पडलं होतं. बाहेरचा रस्ता त्या भोकातून आत येऊन भिंतीवर उमटत होता.

"मावशी! ऊठ! लेन्स लागत नाही!"

"काय लागलं? कुठे लागलं?"

"लागत नाही! भोक पुरतं!"

शाळेत शिकलेली गोष्ट हो! अंधारी पेटी, एक बारीक छिद्र, झालं चित्र! दहा मिनिटांत सगळं घर कामाला लागलं. कॅमेऱ्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण घेतलं. बाबा कुठेही जाताना पेचकस बरोबर नेतात, कारण हॉटेलांच्या दारांच्या कड्या ढिल्या असतात असं त्यांचं मत आहे. त्या पेचकसाने झाकणाच्या मधोमध बोगदा पाडला. आईच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी पत्रा कापला, काळ्या पेनाने रंगवला. आईनेच बटणं शिवायची सुई काढून दिली. सुईचं नुसतं टोक टेकवायचं, आरपार घुसवायची नाही. तिसऱ्या प्रयत्नात छिद्र जमलं. पट्टीवर ठेवून, मावशीच्या वाचायच्या चष्म्यातून मोजलं: मिलिमीटरचा तिसरा हिस्सा!

"तीन आठवडे लेन्स लेन्स करून कान किटवलेस," मावशी म्हणाली, "आणि शेवटी गोळ्यांच्या पाकिटावर आलीस?"

एकच अडचण होती. एवढ्याशा छिद्रातून उजेड थेंबथेंब येतो. ढगाळ हवेत एका फोटोला सोळा सेकंद लागणार होते आणि सोळा सेकंद समोरच्या माणसाने हलायचं नाही. बाबांचा विक्रम मी मघाशी सांगितलाच आहे. एक पूर्णांक आठ!

शेवटचा दिवस. शहरातला मोठा चौक, मध्ये घड्याळाचा उंच मनोरा, खाली पर्यटकांची ही गर्दी. आकाश भरून आलेलं. विमानतळाची बस सुटायला पंचवीस मिनिटं. मी ट्रायपॉड लावला. तो मोठ्या बॅगेत होता म्हणून आला होता. त्याची डमी केली नव्हती, हे त्याचं नशीब. आईने केस सारखे केले आणि मनोऱ्यासमोर उभी राहिली. बाबांना शेजारी उभं केलं.

"बाबा, सोळा सेकंद. फक्त सोळा. हलू नका!"

"एवढंच ना? अरे, हॅट!"

चौथ्या सेकंदाला त्यांनी मनोऱ्याकडे वळून बघितलं. फोटोत आईशेजारी एक धुराचा लोट आला. खाली बूट.

"अगं, ते घड्याळ चार मिनिटं मागे आहे!" बाबा हादरले होते. "लोक याच्यावर वेळ लावत असतील! कुणाला तरी सांगायला हवं!"

"बाबा, नाही!"

दुसऱ्या फोटोत बूटही नव्हते. ते मनोऱ्याचा दरवाजा शोधायला गेले होते. मावशीने त्यांना ओढत परत आणलं तेव्हा बसला बारा मिनिटं उरली होती. पावसाचा एक थेंब कॅमेऱ्यावर पडला. मी आईकडे बघितलं. आता ती म्हणणार, असू दे गं.

पण आई बाबांकडे बघत होती. एकतीस वर्षं ओळखीच्या पेशंटकडे बघावं तशी.

"अहो," ती म्हणाली, "हिच्या कॅमेऱ्याला सेकंद मोजता येत नाहीत म्हणते. तुमच्या घड्याळावर मोजून द्याल का?"

धडधडीत थाप! कॅमेरा स्वतः मोजतो! मी तोंड उघडलं, मावशीने माझ्या पायावर पाय दिला.

बाबा जागच्या जागी वळले. खांदे सरळ झाले. "किती?"

"सोळा."

"काटा बारावर आला की धरू?"

"धरा."

बाबांनी डाव्या हाताची बाही मागे सारली, मनगट छातीसमोर धरलं, उजव्या हाताचं बोट वर केलं. डेपोतली तीस वर्षं अंगात उतरली. पापणी लवेना! मिशीचा केस हलेना! आजूबाजूने माणसं, मुलं, कबुतरं, छत्र्या जात होत्या आणि त्यात हे दोघे खांबासारखे. मी बटणावर बोट ठेवून श्वास धरला.

"सुटली!" बाबा ओठ न हलवता म्हणाले. बस सोडल्यासारखे.

मी बटण दाबलं. एक. दोन. पाच. नऊ. थेंब माझ्या नाकावर पडला, मी पुसला नाही. बारा. मावशी चष्मा हातात घेऊन तोंड उघडं टाकून उभी. चौदा. पंधरा.

"आली!"

पडद्यावर फोटो उमटला आणि आम्ही चौघं त्यावर वाकलो. चौक रिकामा होता! एवढी गर्दी, एकही माणूस नाही. जो चालत राहिला तो मावळला होता. मऊ, धुतल्यासारख्या उजेडात, चार मिनिटं मागे पडलेल्या घड्याळाखाली, अख्ख्या शहरात दोनच माणसं उभी होती. आई सरळ आपल्याकडे बघतेय, हसतेय. आणि शेजारी बाबा, अखंड, कोपरापासून मिशीपर्यंत सगळेच्या सगळे, मान खाली घालून घड्याळात बघतायत.

मला रडू फुटायच्या बेतात होतं. "आई, बाबांनी वर बघितलंच नाही गं."

आईने पडद्यावर पडलेला पावसाचा थेंब बोटाने पुसला.

"वर बघितलं असतं," ती म्हणाली, "तर मला ओळखूच आले नसते."

"दाखव बघू," बाबा मध्ये घुसले. "जरा वाकडा आलाय! आण, मी काढतो एक!"

बस दोन मिनिटांनी चुकता चुकता मिळाली. बाबांच्या घड्याळाने.

आता फोटो त्या खिळ्यावर आहे. परवा झूमकाका लेन्स न्यायला खाली आले. भिंतीपाशी गेले, फोटोच्या नाकापर्यंत नाक नेलं, मग हळूहळू सोफ्याला धडकेपर्यंत मागे आले. डोळे पाणावले होते.

"पंच्याऐंशी!" ते म्हणाले. "माझी पंच्याऐंशी! बोलू नकोस, मी ओळखली! हा मऊपणा दुसऱ्या कुठल्या लेन्सला येणंच शक्य नाही!"

बाबांनी तोंड उघडलं. आईने त्यांना पाणी आणायला पाठवलं. मी पेटी काकांच्या हातात दिली. त्यांनी एकेक लेन्स उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली.

"धुळीचा कण नाही! बोटाचा ठसा नाही! नऊ दिवस परदेशात फिरून एक ओरखडा नाही! पोरी, इतकं जपून कुणी वापरत नाही गं!"

"फारच जपून वापरल्या, काका."

"पण एवढं ओझं... खांदा भरून आला असेल ना? तिन्ही नेणं सोपं नाही. वजन तर मोठं!"

इथे मात्र मला खोटं बोलावं लागलं नाही.

"हो काका," मी म्हणाले. "वजन मात्र विमानतळापर्यंत सगळंच्या सगळं नेलं होतं. ग्रॅमभरही कमी नाही!"